यंत्राच्या आधी

घाट उतरला की लागणाऱ्या नव्या फूड मॉलमध्ये मला चहासुद्धा गोड लागत नाही. विमानतळासारखा झगझगाट, पिझ्झा-बर्गरचे भलेमोठे फलक, आणि दोन बस एकदम थांबल्या की जत्रेसारखा गलबला. परवा तिथेच वड्यांच्या काउंटरपुढे टोकन घेऊन उभा होतो. काचेपलीकडे डोक्याला जाळीची टोपी घातलेल्या एक मावशी वडे तळत होत्या. कढई नव्हतीच. तेलाची चौकोनी स्टीलची टाकी, तीत बुडवायची टोपली, आणि वेळ झाली की पीं पीं करणारं यंत्र.

पण मावशी टोपली उचलायच्या आणि यंत्र मग वाजायचं. तीनदा पाहिलं. शेवटी न राहवून विचारलं, "मावशी, वाजायच्या आधीच कसं कळतं तुम्हाला?"

"झाला की वडा बोलायचा थांबतो," त्या म्हणाल्या. "जुन्या रस्त्याला आमची टपरी होती. नवा रस्ता झाला, गाड्या इकडं वळल्या. मग मीपण आले त्यांच्यामागं."

मीही कान देऊन पाहिलं. स्पीकरवरचं गाणं, टोकनांचा पुकारा, कुणाचं तरी रडणारं पोर, एवढंच ऐकू आलं. डोंगर फोडून आणलेल्या रस्त्याकाठी, इतक्या कल्लोळात, ही बाई वड्याचं गप्प होणं ऐकत होती.

मावशींनी मान जराशी कलती केली आणि टोपली उचलली. मी यंत्राकडे पाहिलं.

मग यंत्र वाजलं.