पाठमोऱ्या माणसाचे दावेदार

सलूनमधले केस रोज संध्याकाळी झाडून निघतात, किस्से मात्र निघत नाहीत. बर्डीच्या गल्लीतल्या आमच्या वामनभाऊंच्या सलूनमध्ये ते तीन पिढ्यांचे साचलेत. दर रविवारी मी उरलेसुरले केस घेऊन त्यात भर घालायला जातो.

आधी दुकान बघून घ्या. लाकडी फिरत्या खुर्च्या, वेलबुट्टी कोरलेला मोठा आरसा, आणि मागची अख्खी भिंत भरून ऑइलपेंटचं चित्र. किल्ल्याची टेकडी, टांगा, हेच सलून आणि सलूनच्या दारात एक पाठमोरा माणूस. सिनेमाची पोस्टरं रंगवणाऱ्या पेंटरने काढलेलं. त्याने सगळं उलटं काढलं, पाटीची अक्षरंसुद्धा. कारण गिऱ्हाईक चित्र आरशात बघतं!

काही वर्षांपूर्वी पुण्याहून जुन्या इमारतींचे एक अभ्यासक आले. छातीपर्यंत दाढी, गळ्यात कॅमेरा. भिंतीसमोर उभे राहून म्हणाले, "पेंटरला लिहिता येत नव्हतं वाटतं."

"खुर्चीत बसा तं खरं," वामनभाऊ म्हणाले.

"मला फक्त फोटो हवेत."

"चित्र खुर्चीतूनच दिसते जी."

ते बसले. आरशात बघता बघता हरखून गेले, मान हलवत राहिले. वामनभाऊंनी "करू नं जी?" विचारलं होतं; त्यांना वाटलं, होकार आहे. साहेब बाहेर पडले तेव्हा दाढी आमच्याकडे राहिली होती.

भिंतीवरचं घड्याळही तसंच, उलट्या डायलचं. आमच्या कंपूतले मेश्रामजी खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेत. त्यांचे नवे जावई एकदा बाकावर नंबर लावून बसले. आरशात न बघता त्यांनी थेट घड्याळाकडे बघितलं, दोन वाजलेले दिसले. जेवायला उशीर नको म्हणून धावत सासुरवाडीला जाऊन पाटावर बसले. सकाळचे दहा वाजले होते, सासूबाई भाजी निवडत होत्या.

"काहून धावले विचारलं तं लाजून राहिले," मेश्रामजी सांगतात. "आता बायको त्यायले दहालेच वाढते."

पण खरी भांडणं त्या पाठमोऱ्या माणसावरून. मेश्रामजी म्हणतात, ते त्यांचे वडील. जोशी मास्तर म्हणतात, छे, टोपी बघा, आमचे काका. मोजले तर आठ दावेदार निघतील, त्यात मीही आहे. वामनभाऊ सगळ्यांना एकच उत्तर देतात, "असन नं, असन." नाही असं कोणालाच म्हणत नाहीत, त्यामुळे कोणी सलून बदलत नाही.

यंदा त्यांचा मुलगा पंकज म्हणाला, दिवाळीआधी मागच्या भिंतीला पांढरे पॅनल ठोकू. दुकान आता तोच चालवतो. वामनभाऊंचे हात थरथरतात. ते एवढंच म्हणाले, "तुह्यं दुकान हाय." त्या रविवारी त्यांनी चहा घेतला नाही. आम्हाला फार वाईट वाटलं.

सोमवारी दुकान बंद, तरी मिस्त्री माप घ्यायला येणार म्हणून आम्ही गेलो. वामनभाऊ खुर्चीत जाऊन बसले.

"भिंत झाकाच्या आधी माही कटिंग करून दे."

त्यांचे केस आजवर त्यांचा एक मित्र कापायचा. बापाच्या मानेला कात्री लावायची पंकजची ही पहिलीच वेळ. वामनभाऊ डोळे मिटून बसले. पंकजने मानेवरचे केस काढले, ब्रश फिरवला आणि आरशात बघितलं. मग खाली बघितलं. पुन्हा आरशात. बापाचा उजवा खांदा झुकलेला होता. चित्रातल्या माणसाचाही.

"मिस्त्री," तो म्हणाला, "मागची भिंत राहू द्या."

मिस्त्रीने टेप गुंडाळली. पंकज ब्रश ठेवून बापाच्या कानाशी वाकला.

"बाबा, तो दारातला माणूस तुम्हीच नं?"

वामनभाऊंनी डोळे उघडले. आरशातून एकदा आम्हा सगळ्यांकडे बघितलं.

"असन नं गा," ते म्हणाले, "असन."