सिऊ माय

शहाद्याच्या एसटी स्टँडवर पुण्याची बस लागली होती आणि माय खिडकीखाली उभी राहून मला डबा वर देत होती. डब्यात फुनके होते. तूरडाळ जाडसर वाटून, मुठीनं वळून, वाफेवर शिजवलेले. तळाशी केळीचं पान. बस हलली तशी ती म्हणाली, "पान फेकू नको, भाऊ. खाले लावाले कामले ई."

मी तिथून पुण्याला, पुण्याहून मेलबर्नला चाललो होतो. इतक्या लांब निघालेल्या मुलाला शेवटचं काय सांगायचं, तर पान फेकू नको, खाली लावायला कामाला येईल. पुण्यात मित्राच्या खोलीवर डबा धुतला आणि पान कचऱ्याच्या बादलीत टाकलं.

त्याला बावीस वर्षं झाली. हे मी आपल्या गावी, ब्राह्मणपुरीत, राहिलेल्यांसाठी लिहितोय, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांसाठीही. मी मुळात कमी बोलणारा. फोनवर 'बरं शे' म्हणून मोकळा होणारा. पण एक गोष्ट सांगायची राहून गेली होती, ती गेल्या महिन्यात मायजवळ बोललो. तिच्याजवळ बोललो, तर आता तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

मेलबर्नला आल्यावर दुसऱ्याच महिन्यात ऑफिसमधला हेन्री मला रविवारी सकाळी जेवायला घेऊन गेला. त्याचे आजी-आजोबा चीनमधले. अरुंद जिना चढून दार ढकललं आणि मी तिथंच थांबलो. आपल्या साखर कारखान्याच्या गोडाऊनएवढा हॉल, वर काचेची झुंबरं, खाली लाल गालिचा आणि शेकडो माणसं गोल टेबलांभोवती. मधून बायका चाकांच्या गाड्या ढकलत होत्या. गाड्यांवर बांबूच्या छोट्या टोपल्यांच्या उतरंडी, प्रत्येकीच्या झाकणातून वाफ. यालाच डिमसम म्हणतात. एकेका घासाचे वाफवलेले पदार्थ. टोपली उघडायची, आवडलं तर टेबलावर ठेवून घ्यायची.

गाडीवाली ओरडत आली, "हार गाव! सिऊ माय!"

गाव आणि माय. भरल्या हॉलमध्ये माझ्या अंगावर काटा आला. हेन्रीनं सांगितलं की पहिलं कोळंबीचं आणि दुसरं डुकराच्या मांसाचं. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. मी हार गाव उचललं. पारी इतकी पातळ की आतली गुलाबी कोळंबी दिसत होती, आणि एका कडेला बारीक चुण्या, एकसारख्या, जणू शिंप्यानं घातलेल्या. मी चुण्या मोजल्या. अकरा. मग ते तोंडात टाकलं. डोळे मिटून चावत राहिलो, आणि हेन्रीला वाटलं मला आवडलं नाही.

त्यानंतर मला नादच लागला. पुढच्या काही वर्षांत या शहरातलं चांगलं डिमसम कुठं मिळतं ते मी धुंडाळून काढलं. पूर्वेच्या उपनगरांत, रेल्वे स्टेशनांमागं, सुपरमार्केटच्या वरच्या मजल्यावर. चांगली जागा कशी ओळखायची तेही कळत गेलं. म्हातारी माणसं पेपर घेऊन बसलेली असावीत. साडेदहाला दाराबाहेर रांग असावी. चॉपस्टिकच्या काड्यांनी उचलताना पारी फाटू नये, आणि चावल्यावर कोळंबी कुरकुरावी. एका ठिकाणी काचेमागं एक बाई चुण्या घालत बसायची. तिची बोटं बघत मी रांगेतला नंबर घालवला आहे, एकदा नाही, बऱ्याचदा. देवळात गेल्यावर माणूस जसा गप्प होतो तसा मी तिथं गप्प व्हायचो. लग्न झाल्यावर बायकोला, वर्षाला, नेलं, मुलगी इरा झाल्यावर तिलाही. रविवार म्हणजे डिमसम, हे ठरून गेलं.

आबा, म्हणजे माझे वडील, गेले, त्याच्या पुढच्या वर्षी माय तीन महिने आमच्याकडे आली. म्हणजे आठ वर्षांपूर्वी.

पहिल्या रविवारी मी तिला म्हणालो, इराच्या पोहण्याच्या क्लासला चाललोय, बाराला येऊ. वर्षानं माझ्याकडे बघितलं आणि इराला बूट घालायला लागली. आम्ही जेवून आलो तर ओट्यावर कढी तयार आणि पातेल्यात फुनके. माय नाराज दिसली. फुनके पातेल्यात ठेवलेल्या जाळीला चिकटून फुटले होते. गावी ती पातेल्यात तुराट्यांचे, तुरीच्या वाळक्या काड्यांचे, तुकडे रचते, त्यावर केळीचं पान आणि पानावर फुनके. इथं तुराट्या कुठल्या आणि पान कुठलं. "खाले लावाले काहीच नई," ती म्हणाली. आमची पोटं भरलेली. दोन घास खाऊन उठलो. तिनं विचारलं, "आंग बरं नई का?" मी म्हणालो, उन्हाचं खावंसं वाटत नाही.

असे आठ-नऊ रविवार गेले. दर रविवारी ती फुनके करायची आणि दर रविवारी ते चिकटायचे. कधी फडकं लावून बघितलं, कधी कोबीचं पान. आम्ही दर रविवारी पोहायला जायचो.

मग एकदा इरा बाहुलीला गाडीत बसवून घरभर फिरवत ओरडायला लागली, "हार गाव! सिऊ माय!"

"कोनी माय?" मायनं विचारलं.

इरानं आजीला सगळं सांगितलं. मोठ्ठा हॉल, चाकांच्या गाड्या, छोट्या टोपल्या, टोपलीत फुनक्यांसारखंच काहीतरी, गरम गरम. सुदैवानं तिला आत काय असतं ते सांगायचं सुचलं नाही. पोहण्याच्या क्लासचं काय झालं, हे मायनं विचारलं नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "माले बी एक दिन दाखाड ना, भाऊ. खाले काय लावतस त्या, ते तरी देखू."

मी म्हणालो, "तठे तुले खावासारखं काही नई, माय."

"खावाले कोन म्हनस? देखाले."

"नुसती जाळी शे. बाकी काही नई," मी म्हणालो.

मला माहीत नव्हतं. चौदा वर्षं मी त्या टोपल्या रिकाम्या करत होतो आणि तळाला काय असतं ते एकदाही बघितलं नव्हतं. मला तिला तिथं न्यायचंच नव्हतं. एक कारण उघड आहे, मी काय खातो ते तिला कळलं असतं. दुसरं सांगायला जास्त जड जातं. डोक्यावर पदर घेतलेली, मोठ्यानं अहिराणी बोलणारी माझी माय त्या झुंबरांखाली कशी दिसेल, याची मला लाज वाटली होती. तिथं मला ओळखणारे वेटर होते. त्यांच्यासमोर मी कुणीतरी वेगळा होतो.

ती परत गेली. विमानतळावर माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि गेली. आता अठ्ठ्याहत्तर पूर्ण आहेत, गुडघे गेलेत, ती पुन्हा येणार नाही. आठ वर्षांत एक डिमसम असं खाल्लं नाही की तिचं 'देखाले' कानात आलं नाही. पण जाणं काही बंद केलं नाही. तेही लिहून ठेवतो.

गेल्या महिन्यात एका रविवारी मी एकटाच गेलो होतो. टोपल्या नुकत्या आल्या होत्या आणि फोन वाजला. वहिनीच्या फोनवरून माय, व्हिडिओवर. तिकडे उजाडत होतं. अशा वेळी मी फोन उलटा ठेवतो. त्या दिवशी का उचलला, सांगता येत नाही.

"कोठे शे रे तू? इतला गलका?"

"हॉटेलमा शे, माय."

नेमकी तेव्हाच गाडी आली. "सिऊ माय!"

"ती माय म्हनी ऱ्हायनी ना?" माय म्हणाली. मग, "इरानी सांगेल व्हतं तेच का हाई?"

मी कॅमेरा फिरवला. झुंबरं, टेबलं, गाड्या, वाफ. मग हळूच आलं, "माय व माय. केवढं शे हाई." पहिल्या दिवशी दारात मी जसा उभा राहिलो होतो, तसंच ती तिच्या खाटेवर बसून बघत होती.

मी टोपली कॅमेऱ्यासमोर धरली.

"यान्हामा काय भरेल शे?"

"झिंगा शे, माय," मी म्हणालो. "मी खास. बराच वरीसपाईन खास. तू आठे व्हती तव्हय बी. आम्ही पोहाले जात नव्हतूत." मी कोळंबी खातो आणि ती इथं असतानाही पोहण्याच्या नावाखाली तेच खायला जात होतो, हे शेवटी बाहेर पडलं.

वहिनीच्या हातातला फोन हलला. मागं कोंबडा आरवला. मायचा चेहरा पडद्यावर स्थिर होता आणि तो मला वाचता येईना. आजही येत नाही.

"ते उचल," ती म्हणाली. "खाले देखू दे."

मी हार गाव काड्यांनी उचललं. खाली गाजराची चकती होती, कागदासारखी पातळ. प्रत्येकाखाली एक.

"देख व, गाजर," ती वहिनीला म्हणाली. आणि मला, "इतला वरीस खादं, आन खाले देखं नई?"

मग तिनं मला सगळं टेबल दाखवायला लावलं. पावाखाली चौकोनी कागद. चिकट भाताखाली आणि भोवती कमळाचं पान. गाडीवाली थांबून बघत होती. मी फोनकडे बोट करून इंग्रजीत 'माझी आई' म्हटलं, तर तिनं एकेक झाकण उघडलं आणि चिमट्यानं एकेक पदार्थ उचलून खालचा भाग मायला दाखवला. माय दर वेळी "हा" म्हणायची. मी नुसता टोपली धरून उभा होतो. माझ्या आयुष्यातल्या बावीस वर्षांच्या रविवारांच्या तळाशी काय होतं, ते या दोन बायका मला दाखवत होत्या.

झिंग्याबद्दल माय अजून काही बोललेली नाही. बोलेल, किंवा नाही बोलणार. दर रविवारी त्याच वेळेला फोन मात्र येतो.

घरापासून दहा मिनिटांवर एक व्हिएतनामी दुकान आहे. मी तिथं कायम जातो. परवा फ्रीजमध्ये हात घातला तर केळीच्या पानांची गोठवलेली पाकिटं. दुकानदाराला विचारलं, कधीपासून ठेवता? तो म्हणाला, दुकान उघडलं तेव्हापासून.

या रविवारी मी फुनके केले. गावाकडचं घर माझं किती उरलंय, मला सांगता येत नाही. इथलं घरही मी अजून कधी घर म्हणून बोलत नाही. पण तळाशी पान होतं आणि एकही फुनका चिकटला नाही. जेवण झाल्यावर पान धुतलं, पुसलं आणि नळाशेजारी वाळत ठेवलं.