हुंकारा मागणारा कॉम्प्युटर

घाटंजीच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सरांनी शिकवलेलं सगळ्यांच्या डोक्यात शिरायचंच असं नाही, पण बिनकामाचे प्रोग्राम लिहिण्यात आम्ही सगळे पटाईत होतो. मोठ्या प्रोग्रामला कुठेही जोडता येईल असा छोटा तुकडा, म्हणजे मॉड्यूल, लिहायचा आणि त्यानं उपयोगाचं काहीच करायचं नाही, अशी आमची चढाओढ. एका मैत्रिणीचं मॉड्यूल बेरीज सांगण्याआधी भरपूर कुरकुर करायचं. तांड्यावरून येणाऱ्या मित्राचं मॉड्यूल आकडे क्रमानं लावायच्या ऐवजी त्यांना उमरखेडच्या एसटीत चढवायचं. जो आधी घुसेल तो पहिला, मग तो शंभर असो की दोन. सर कपाळाला हात लावायचे आणि पुढच्या बॅचला तेच कौतुकानं दाखवायचे.

माझं हसू मात्र त्या दिवसांत क्लासपुरतंच असायचं. बाबा तहसील कचेरीत कारकून होते. कापसाच्या कर्जानं गावंच्या गावं खचली होती, आणि कुठे कुणा शेतकऱ्यानं जीव दिला की पंचनाम्याला साहेबांबरोबर बाबांना जावं लागे. परत आले की हातपाय धुऊन गप्प बसत. आधी एखाद्या दिवसानं बोलू लागत, पुढे पुढे बोलणंच सुटलं. ती घरं बघून बघून हा माणूस आपल्या घरात काय घेऊन येतोय, याची मला भयंकर भीती वाटायची. त्यांनी खोलीचं दार लोटलं की मी काहीतरी निमित्त काढून ते उघडायची.

आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकारा लागतो. ऐकणाऱ्यानं प्रत्येक वाक्याला ‘हूं’ म्हणायचं. हूं थांबलं की गोष्ट थांबते. लहानपणी बाबा मला पाटलावर रुसून एकटीच बाजाराला निघालेल्या म्हशीची गोष्ट सांगत. तीच मी मॉड्यूलमध्ये घातली. पडद्यावर एक ओळ यायची, आणि कुठलीही कळ दाबून हुंकारा दिल्याशिवाय दुसरी येतच नसे. यातून बाहेर पडायची सोयच नाही, कुणी हूं दिलं नाही तर मशीन तशीच लटकून राहील, असं मित्रानं बजावलं. मी म्हटलं, राहू दे.

एका रविवारी दुपारी बाबांना क्लासमध्ये घेऊन गेले. सर मुद्दामच चहाला निघून गेले. भारनियमनात वीज जायला थोडाच वेळ उरला होता, त्यामुळे माझा जीव आणखीच टांगणीला लागला होता. बाबांना खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, वाचून झालं की कोणतीही कळ दाबा.

‘एक होती म्हैस, तिले पाटलाचा आला राग.’

बाबा बघत राहिले. हात मांडीवरून हललाच नाही. ओळीखाली कर्सर लुकलुकत होता. माणूस आतून संपत चाललाय आणि आपण त्याच्यापुढे हा काय पोरखेळ मांडला, असं वाटून मला स्वतःचाच संताप आला. उठा, घरी जाऊ, असं म्हणणार, तेवढ्यात ते पडद्याकडे बघतच म्हणाले, “हूं.”

आवाज बसलेला होता. मशीनला कसला ऐकू येतोय! मी त्यांच्या खांद्यामागून हात लांबवला आणि हळूच कळ दाबली. दुसरी ओळ आली. त्यांनी पुन्हा हूं म्हटलं, मी पुन्हा कळ दाबली. म्हैस गावाबाहेर पडली, वाटेत शाळेच्या खिडकीतून आत डोकावली, मास्तरला घाबरून पुढे पळाली आणि नदीत उतरली.

बाबा हूं म्हणाले. पडदा तसाच. ते जरा मोठ्यानं हूं म्हणाले. मी उगाचच कळ दाबली, पण पुढे काही नव्हतंच.

बाबा वळले. “अन् म्हैस पान्यातच ठेवली काय वं?”

मी म्हटलं, “पुढचं मले माहीतच नाही, बाबा. तिथपर्यंत मी दरवेळी झोपूनच जात होती.”

त्यांनी खुर्ची माझ्याकडे फिरवली आणि घसा खाकरून म्हशीला नदीतून काढायला सुरुवात केली. मध्येच वीज गेली, पंखा थांबला, पडदा काळा झाला. मी प्रत्येक वाक्याला मोठ्यानं हूं म्हणत राहिले, कुठे चुकलं तर ते पुन्हा गप्प होतील या भीतीनं.