डाव्या हाताची गाठ

नागपूर शहराची सुरक्षा काही काळ अशा एका व्यक्तीच्या हाती होती, जिला रसायनशास्त्रात शंभरापैकी एकोणतीस गुण मिळाले होते. हे विधान मी जबाबदारीने करतो, कारण ते गुण मीच दिले होते.

ती आमच्या वरच्या मजल्यावर राहते. वय वर्षे सोळा, इयत्ता अकरावी. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि शेजारधर्म म्हणून संध्याकाळी तिला तासभर घेऊन बसत असे. ती यायची ती धापा टाकत, केसांत झाडाचा पाला आणि कोपराला खरचटलेले, अशा अवस्थेत. "काका, मोल काही समजून नाही राहिला मले. अन् वेळ तरी कुठं आहे?" अन्यायाचा नायनाट आणि सहामाही परीक्षा एकाच आठवड्यात येतात, ही तिची जगाविषयीची मूळ तक्रार होती. तिच्या आईला या कार्याचे फारसे कौतुक नव्हते. "काय वं, शहर वाचवून झालं असंन तर भांडे घासून घे," असा आदेश जिन्यातून खाली ऐकू येई, आणि शहराची रक्षणकर्ती मुकाट्याने वर जाई.

इतरत्रच्या वीरांना म्हणे मुखवटा शिवून घ्यावा लागतो. नागपूरच्या मुलीला तो आयताच मिळतो. आमच्या उन्हापायी इथली प्रत्येक मुलगी घराबाहेर पडताना डोळे तेवढे उघडे ठेवून सगळा चेहरा स्कार्फने गुंडाळून घेते. सीताबर्डीच्या गर्दीत एखाद्या मुलीला मुद्दाम धक्का मारून जाणाऱ्या इसमाच्या पाठीत सायकलच्या पंपाचा सणसणीत तडाखा बसे. तो संतापून मागे वळे आणि त्याला दिसत ते चाळीस स्कार्फ, सारखेच निरागस. स्कार्फमुळे मुरुमेही झाकली जातात, हा तिच्या लेखी अधिकचा लाभ होता. मात्र कायद्यावरची तिची निष्ठा कधीकधी कार्याच्या आड येई. परवान्याचे वय नाही म्हणून ती सायकलच वापरी. एकदा मंगळसूत्र हिसकावून पळणाऱ्याला तिने अर्धे शहर पालथे घालून जवळजवळ गाठले होते, आणि तो चौकात निसटला. "अगं, मग सोडलंस कसं त्याला?" मी विचारले. ती माझ्याकडे कीव आल्यासारखी पाहत म्हणाली, "काका, सिग्नल लाल होता ना!"

तिचे खरे वैर मात्र नायलॉनच्या मांजाशी होते. संक्रांत जवळ आली की हा बंदी असलेला मांजा आमच्याकडे चोरून विकला जातो. तो तुटत नाही. त्याच्या वाटेत येणारा गळा तुटतो. लांब बांबूला आकडा बांधून आणि वेल्डिंगचे काम करणाऱ्या वडिलांचे चामडी हातमोजे चढवून ती झाडांवरचा, खांबांवरचा मांजा उतरवत हिंडे. आणि मांजाचा मालक सापडला, तर शिक्षा ठरलेली होती. पोलीस नाही, मारहाण नाही. तिने हाती दिलेल्या कात्रीने त्याने आपल्या चक्रीवरचा सगळा मांजा, हजार मीटर असला तरी, बोटाएवढे तुकडे करून कापायचा. नकार दिला, तर एकच प्रश्न: "तुमच्या आईले सांगू का?" चाळिशीतला एक दुकानदार या प्रश्नापुढे निमूटपणे मांडी घालून बसलेला मी स्वतः पाहिला आहे. एकदा तिच्या क्लासमधला, तिला मनातून आवडणारा मुलगाच सापडला. त्यालाही कात्री मिळाली. त्यानंतर तो तिच्याशी बोलेनासा झाला. त्या संध्याकाळी ती माझ्या टेबलावर डोके ठेवून रडली, आणि नाक पुसत म्हणाली, "पण काका, हजार मीटर म्हणजे हजार मीटर."

आता मला माझ्याविषयी सांगितले पाहिजे. नायलॉनच्या रेणूंची साखळी फळ्यावर काढून ती का तुटत नाही, हे मी वर्षानुवर्षे मुलांना शिकवत आलो. तरीही त्या वर्षी मी नायलॉनचा जांभळा मांजा आणला. कारण सांगायला लाज वाटते. समोरच्या गच्चीवरचे निवृत्त आजोबा तीन संक्रांती माझे पतंग कापत होते, आणि चोपन्नाव्या वर्षी मला ते सोसेना. संक्रांतीलाही तिच्या क्लासने टेस्ट ठेवली होती. आदल्या दिवशी मीच तिला बजावले, "उद्या ते हातमोजे आणि ते सोंग घरी ठेवायचे." तिने ऐकले. माझे ती ऐकत असे.

दुपारी मी आजोबांचा पतंग कापला, लहान मुलासारखा "ओ काट!" म्हणून ओरडलो, आणि पुढच्याच क्षणी माझा पतंग रस्त्यापलीकडच्या खांबात अडकला. मी हिसका दिला. मांजा तुटेना, म्हणून गच्चीवरूनच कापला, रस्त्यावर लोंबता सोडला आणि तिळगूळ खायला खाली गेलो. ती त्याच वेळी टेस्ट देऊन परतत होती. समोरून एक बाई स्कूटरवर येत होती, पुढे लहान मुलगी उभी. मांजाचे सुटे टोक अलीकडच्या झाडात अडकून तो त्या मुलीच्या गळ्याच्या उंचीवर आडवा ताणला गेलेला हिला दिसला, आणि हिने तो उघड्या हाताने धरून वर उचलला.

ती मुलगी वाचली. हिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या. रामदासपेठेतल्या रुग्णालयात हिच्या आईने मला विचारले, "कोणाचा असंन हो हा मांजा?" आणि मी म्हणालो, "कुणास ठाऊक."

बोटे पुन्हा वळली नाहीत. ती डाव्या हाताने लिहायला शिकली आणि आपल्या वहीत तिने पहिली नोंद केली: जांभळा मांजा, मालक कोण? अडीच महिने ती माझ्याच टेबलावर बसून माझाच शोध घेत होती, आणि मी तिला समीकरणे समजावत होतो. एका संध्याकाळी ती म्हणाली, "समजलं काका. ते समोरचे आजोबाच असतीन. उद्या जाते कात्री घेऊन."

तेव्हा मी सांगितले. माझ्या धैर्याने नव्हे. त्या वृद्धाच्या हातातली कात्री मला पाहवली नसती, म्हणून.

तिने वहीतली ती नोंद उघडली. मग प्रश्नचिन्हापुढे डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलासारख्या अक्षरांत, तिने माझे नाव लिहिले. "चक्री आहे का अजून?"

ती कपाटावर होती. तिने दप्तरातून कात्री काढून माझ्यापुढे ठेवली. मी जमिनीवर बसून कापत राहिलो. ती समोर बसून मोलची गणिते सोडवत राहिली. मध्येच माझा हात थांबला, तर मान वर न करता म्हणाली, "काहून थांबले? बराच राहिला आहे." जांभळ्या तुकड्यांचा ढीग माझ्या गुडघ्याएवढा झाला. जाताना तिने फक्त एवढेच सांगितले, की आईला ती सांगणार नाही, मीच सांगायचे. मी सांगितले. त्यानंतर त्या घरातून माझ्याकडे तिळगूळ आला नाही, आणि तो यावा असेही मला वाटत नाही.

ती अजूनही सायकलवर हिंडते. पण उजव्या हाताला गाठ आवळता येत नाही. डाव्या हाताने बांधलेला तिचा स्कार्फ कानाखाली सैल लोंबतो. पूर्वी सीताबर्डीच्या चाळीस स्कार्फांत ती कोणालाही सापडत नसे. आता मी चौकाच्या दुसऱ्या टोकाला असलो, तरी ती मला लगेच ओळखू येते. सिग्नल लाल असतो, आणि ती थांबलेली असते.