वाटीवरची तेजस्विनी

“नाव सांगा. सावकाश सांगा,” असं म्हणत मामा आधी भांडं सदऱ्याच्या बाहीने पुसायचे आणि मगच मशीन सुरू करायचे.

मंचरला माझ्या सासऱ्यांचं भांड्यांचं दुकान होतं. सगळे ज्यांना मामा म्हणत, ते दुकानातले जुने कारागीर दाराशी स्टुलावर बसून गिऱ्हाइकांच्या भांड्यांवर नावं घालायचे. नव्वदच्या दशकात मी लग्न होऊन आले आणि गल्ल्यावर बसू लागले, तेव्हापासून त्या मशीनची घरघर माझ्या कानांत आहे.

बारशाची भांडी आली की मामा खुलायचे. बागायतदाराच्या तांब्यावर ‘राजवीर’, मजुराच्या वाटीवर ‘बाळू’ नाहीतर ‘चिंगी’. तुम्हीही जुनी भांडी चाळून पाहा, नावावरून घर ओळखू येतं.

एकदा मार्केटात कांदे निवडणारी एक बाई नातीसाठी वाटी घ्यायला आली. “तेजस्विनी घाला,” म्हणाली.

शेजारी हंडे बघत बसलेल्या एक बागायतदारीणबाई हसल्या. “एवढं लांबडं नाव तुमच्यात कुनाच्या तोंडी बसायचं? चिंगी ठेव की साधं.”

बाईचा चेहरा उतरला. “मग ऱ्हाऊ द्या मामा. चिंगीच घाला.”

मामांनी मशीन बंद केलं. “नाव कुनी काढलं?”

“तिच्या आईनं. सातवी शिकलीया.”

“मग तिला इचारल्याबिगर मी बदलायचा न्हाई.” मामा बागायतदारीणबाईंकडे वळले. “वैनी, माझ्या आधीची भावंडं जगली न्हाईत. म्हनून माझं नाव असं ठिवलं, की मरनालाबी किळस यावी. जगलो खरा. पन शाळंत हजेरीला कधी तोंड वर करून ‘हजर’ म्हनालो न्हाई.”

बागायतदारीणबाईंनी हातातला हंडा खाली ठेवला आणि त्यांनीच विचारलं, “पन मावंल का एवढ्याशा वाटीवर?”

“काठाभवती फिरवतो की!”

बारशाला मामांना आणि मला आग्रहाचं बोलावणं आलं. मार्केटमागच्या खोलीत बायका पाळणा म्हणत होत्या. म्हाताऱ्यांच्या तोंडून कधी ‘तेजसनी’, कधी ‘तेजूशिनी’ निघे, आणि बाळाची आई न कंटाळता दर वेळी नीट म्हणून दाखवी. मामा उंबऱ्याशी बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होते.

पुढे नजर अधू झाली, तसे मामा काम सोडून मुलाकडे गेले आणि तिकडेच वारले. मला ते आठवतात बारशाहून परतताना. हमरस्त्याच्या कडेने, ट्रकांच्या धुरळ्यात, रुमालात बांधलेल्या घुगऱ्या सांभाळत चाललेले. मध्येच थांबून त्यांनी गाठ सोडली आणि रुमाल माझ्यापुढे धरला. “घ्या सूनबाई. अजून गरम हायेत.”