गोष्टीतली एकच चादर

मी प्रेमकथा लिहिते हे आमच्या कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे आणि घरात कुणालाच नाही. सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, चादरी-टॉवेलच्या कारखान्यात मी डिझाईन काढते. खरं सांगायचं तर कोरं करकरीत डिझाईन आम्ही क्वचितच काढतो. व्यापारी मागच्या वर्षीची चादर काखेत मारून येतो आणि म्हणतो, अशीच पाहिजे, पण हीच नको. मग मी कॉम्प्युटरवर मोराची मान उलटी फिरवते, काठातली वेल जरा जाड करते, जांभळ्याच्या जागी मोरपंखी टाकते, आणि माल खपतो.

कथाही मी तशाच विणत होते. गर्विष्ठ श्रीमंत नायक, फटकळ गरीब नायिका, धक्का लागून सांडलेल्या फायली, खोटं लग्न, मग खरं प्रेम. कुठून उचललं म्हणाल तर सगळीकडूनच. मोबाईलवरच्या एका ॲपवर माझे भाग यायचे, खाली वाचक बायका लाल बदाम टाकायच्या आणि मी दिवसभर हवेत असायचे.

मग एका सोमवारी पुण्याहून फोन आला. ॲपच्या संपादक होत्या. म्हणाल्या, "ताई, तुमच्या कथेचं छापील पुस्तक करायचं ठरतंय." मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. पुस्तक! माझं! पुढचं वाक्य मात्र थंड पाण्यासारखं आलं. "पण तो मधला भाग बदला. थंड हवेच्या ठिकाणचा बंगला, दोघं अडकलेले, आणि बंगल्यात एकच चादर. या महिन्यात ही सहावी एकच चादर आहे माझ्याकडे."

"काढून टाकू?" मी विचारलं.

"अजिबात नको. वाचकांना ती हवीच असते. फक्त ती तुमची करा. शनिवारपर्यंत द्या."

तुमची करा म्हणे! मला राग आला, आणि राग आला की माझा हात भरभर चालतो. सुटी झाल्यावर ऑफिसात तासभर बसून मी बंगला पाडला. नायिकेला सोलापुरात आणलं, चादरीच्या कारखान्यात कामाला लावलं. नायक झाला मशिनं दुरुस्त करायला आलेला इंजिनीअर. त्याची शेवटची एसटी चुकवली आणि त्याला नायिकेच्या घरी मुक्कामाला पाठवलं. घरात सगळी माणसं ठेवली, उगाच वाचकांनी नावं ठेवायला नकोत. थंडी मात्र कडाक्याची. झालं की माझं! मी स्वतःवर लई खूश.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो भाग मी तपासणीच्या बायकांना वाचून दाखवला. या बायका मागावरून उतरलेली प्रत्येक चादर उजेडात धरून बघतात, कुठं धागा तुटलाय, कुठं भोक पडलंय ते हेरतात. माझ्या कथांच्या पहिल्या श्रोत्या त्याच. लिंबाखाली डबे उघडलेले, शेंगाचटणीचा वास, आणि मी अगदी आवाज खाली आणून वाचलं, "घरात चादर एकच होती..."

मग जो हशा उसळला! एकीला ठसका लागला, तिच्या पाठीत दुसरी थापा मारतेय आणि तीही हसतेय.

"अवो म्याडम, सोलापुरात आन एकच चादर?"

"आन ती बी चादरीच्या कारखान्यातल्या बाईच्या घरात! आमच्याकडं पाव्हनं आलं की पेटीतनं सहा निगत्यात."

"गादी न्हाय म्हना, उशी न्हाय म्हना. चादर न्हाय कसं म्हनता?"

माझं तोंड पाहण्यासारखं झालं असणार. गाव बदललं, माणसं बदलली आणि चादर तशीच उसनी राहिली. आणि ती चूक कुणी करावी? जिच्या नाकात आठ तास चादरींचंच तूस जातं तिनं!

हसण्यात सामील नव्हती ती एक मावशी. पंचेचाळिशीची, मंगळवेढ्याकडची. नवरा शेजारच्या कारखान्यात माग चालवतो आणि दोघं एकाच सायकलवरून येतात. डब्याचं झाकण लावत ती म्हणाली, "आमच्यात दोन हुत्या."

"काय दोन?"

"चादरी. लगीन झाल्यावर. एक म्हायेरची, चांगली. एक हितलीच डागी, मालकानं दिल्याली, हाताएवडं भोक तिला. थंडीचं दिस. म्या रोज दोनी घड्या करून ठिवायची. पर ह्ये माज्या आदी जाऊन फाटकीच उचलायचे. रोज. येक दिस चुकला न्हाय."

"आणि बोलायचे काय?"

"काय बोलत्यात? पाठ फिरवून झोपायचे."

ही तर ती चादर! एक नाहीच, दोन आहेत, म्हणून तर गंमत. एकच असती तर नाइलाज झाला असता. दोन आहेत म्हणजे रोज कुणीतरी निवड करतंय. इतक्या कथांमधून ती एकच चादर मी डोळे मिटून उचलली होती आणि हे मला एकदाही दिसलं नव्हतं. मी मावशीला विचारलं, "हे लिहू का मी? तुमचं आहे, म्हणून विचारते."

"लिवा की," ती लाजून म्हणाली. "नाव नका टाकू."

त्या संध्याकाळी मी अशी लिहीत सुटले की वॉचमनने दोनदा येऊन दिवे घालवायची धमकी दिली. आता नायक-नायिकेचं नुकतंच लग्न झालेलं, भाड्याची खोली, दोन चादरी. नायक फाटकी उचलतो. आणि मग त्याला मी बोलायला लावलं. दोन पानं! तुझ्या वाट्याला आयुष्यात एकही छिद्र येऊ देणार नाही, वगैरे वगैरे. लिहिताना माझेच डोळे भरून आले, एवढी मी वाहवत गेले होते.

बुधवारी वाचलं तेव्हा बायका पार विरघळल्या. "लई ग्वाड बोलतोय" म्हणत एकीनं पदर डोळ्यांना लावला. बाकीच्या हात धुवायला गेल्यावर मावशी माझ्याजवळ सरकली.

"म्याडम, ह्यो प्रेमानं घेतोय व्हय फाटकी?"

"मग काय तर! तुमचेही त्यासाठीच घेत असणार."

"मला वाटायचं तसं," ती म्हणाली. "पन म्या कदी इचारलं न्हाय. बावीस वर्सं झाली."

"मग आता विचारा की!" मी उत्साहात बोलून गेले.

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला माझी जीभ चावावीशी वाटली. "आन ते म्हनले, मला तीच बरी वाटायची, हालकी हुती, तर?"

बावीस वर्षं या बाईनं ती एक गोष्ट मनात जपली होती. नवऱ्यानं कधी गजरा आणला नाही, कधी नावानं हाक मारली नाही, पण फाटकी चादर स्वतः घेतली. एवढ्याच जमेवर संसार गोड मानला होता. आणि मी तिला भर दुपारी सांगत होते, जा, खरंखोटं करून ये. मला माझ्या पुस्तकाची घाई होती. स्वतःचा इतका राग मला क्वचित आला असेल.

"नका विचारू मावशी," मी म्हणाले. "खरंच नका. मी नुसती गोष्ट लिहितेय."

ती कामाला गेली. गुरुवारी ती आली नाही, शुक्रवारीही नाही. शेजारच्या कारखान्यात तिचा नवराही आला नव्हता. मोराच्या ऐवजी मी बदकासारखं काहीतरी काढून बसले आणि मालकांची बोलणी खाल्ली. डोळ्यांपुढं एकच: तिनं विचारलं, तो हसला, म्हणाला कसली चादर, मला आठवत बी न्हाय. ती दोन पानं पुण्याला पाठवायचा मला धीरच होईना.

शनिवारी सकाळी ती माझ्या केबिनच्या दारात उभी. मी उठून तिच्याकडं धावलेच.

"गावाकडं गेलतो, दिराच्या घरी बारसं हुतं," ती म्हणाली. आणि मग हसू दाबत, इकडंतिकडं बघत, "इचारलं म्या. येताना. एस्टीत."

"अहो, एस्टीत?"

"घरी धीर झाला न्हाय. एस्टीत गडबड आसती, ऐकू आलं न्हाय तर न्हाय आलं. म्हनलं, आवो, तवा तुमी रोज फाटकीच चादर का वो घ्यायचा?"

"मग?"

"मग काय! असे बगाय लागले माज्याकडं, जनू मला याड लागलंय. आन केवड्यांदा वरडले! फुडच्या शिटावरची बाई वळून बगाय लागली. म्हनले, मग काय, फाटकी तुला देऊ व्हय?"

मग मी इतक्या जोरात हसले की बाहेरच्या क्लार्कनं डोकं आत घातलं. हसता हसता मी खुर्चीत बसले, फाईल उघडली आणि नायकाची ती दोन पानं निवडून एका झटक्यात पुसली. त्या जागी नायिकेला विचारू दिलं आणि त्याला एवढंच म्हणू दिलं. कुठल्याही कथेत मला हे वाक्य सापडलं नव्हतं, आणि माझ्या हातून तर जन्मात उतरलं नसतं. पाठवायच्या आधी मी तो भाग मावशीला वाचून दाखवला. ती दाराला टेकून उभ्यानंच ऐकत होती.

"असंच," ती म्हणाली. डोळे पुसले, पदर खोचला आणि तपासणीच्या टेबलाकडं वळता वळता थांबली.

"उगंच भ्याले वो म्याडम. इतकी वर्सं."