अर्जातली घासाघीस

कुवेतमधल्या फरवानियात अरबी-इंग्रजी टायपिंगचं एक दुकान होतं. तिथल्या टायपिस्टचं नाव मी कधी विचारलं नाही. माणूस रत्नागिरीकडचा. मजकूर पटला नाही की दोन्ही हात मशीनवरून उचलून मांडीवर ठेवायचा आणि रस्त्याकडे बघत बसायचा.

नव्वदच्या मे महिन्यात सुट्टीला आलेल्या मुलीला घेऊन मी तिथे गेलो. बारावीला तिला जेमतेम अठ्ठेचाळीस टक्के. मग नाशकात साध्या कॉलेजात वर्षभर राबून तिने पहिला वर्ग मिळवला. आता दुसऱ्या वर्षाला तिला पुण्याचं नामांकित कॉलेज हवं होतं. त्याच कॉलेजाने आदल्या वर्षी मला दारातूनच परत पाठवलं होतं, आणि मी ते विसरलेलो नव्हतो.

"लिहा," मी म्हटलं, "थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश पाहिजे."

हात मांडीवर.

"अहो, जास्त मागितलं की ते दुसऱ्यावर उतरतील."

"शेठ, हा अर्ज आहे. तुम्ही गालिचा घेत नाही."

मी शाळेच्या मास्तरांना दोष द्यायला लागलो. हात मांडीवरच. मग त्याने मुलीला विचारलं, "मार्क का कमी पडले गं?"

"अभ्यास केला नव्हता, काका. आता करते."

त्याने तेवढंच इंग्रजीत टाइप केलं. मी भडकलो.

तो शांतपणे म्हणाला, "वाचणारा सबबी वाचून कंटाळलेला असतो, शेठ."

जुलैत दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाचं पत्र आलं. ते कॉलेज मी कसं नमवलं, हे मी अजूनही लोकांना सांगतो. त्या अर्जात माझी फक्त सही होती.